जिवाची मुंबई

'जिवाची मुंबई करणे' हा वाक्प्रचार मी गेली अठरा वर्षे अकरावीच्या वर्गाला शिकवीत आलो आहे. अर्थ सांगतो : मनसोक्त चैन करणे. मग वाक्यात उपयोग करायला सांगतो, आणि मुले इमानेइतबारे लिहितात, 'लॉटरी लागताच रामरावांनी जिवाची मुंबई केली.' हे रामराव कोण, कुठले, त्यांना दरवर्षी लॉटरी कशी लागते, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. पण इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने 'आम्ही जिवाची मुंबई केली' असे प्रथमपुरुषी वाक्य लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. चैन ही नेहमी तृतीयपुरुषी, आणि तीही लॉटरीच्या पैशाने!

आमच्या नामपूरची मुंबई मुळी निराळीच आहे. नामपूर म्हणजे बागलाणातले, मोसम नदीच्या काठचे गाव. कांदा आणि डाळिंब ही आमची दोन दैवते, दोन्ही लहरी. येथून माणूस मुंबईला जातो तो कामासाठी. कोणी टाटा हॉस्पिटलात तपासणीला, कोणी मंत्रालयात अडकलेली फाइल हलवायला, कोणी हायकोर्टाच्या तारखेला, तर कोणी परदेशी निघालेल्या भाच्याला विमानतळावर हार घालायला. काम झाले की मिळेल त्या गाडीने माघारी. पारावर कोणी विचारले, 'काय पाहिले मुंबईत?' तर उत्तर ठरलेले : 'काय पाहायचे तिथे? नुसती गर्दी!'

वास्तविक समुद्रकाठच्या श्रीमंतीशी बागलाणचा संबंध आजचा नाही. सुरत बंदरातून दख्खनेत जाणारा माल आमच्याच डोंगरांतून, मुल्हेरच्या वाटेने जात असे. रेशीम, मोती, मसाले, काय काय गेले असेल! १६७० साली शिवाजीमहाराज दुसऱ्यांदा सुरतेवर गेले आणि तिथली संपत्ती घेऊन परतले तेही बागलाणातूनच, मुल्हेरच्या पायथ्याने. पुढे वणी-दिंडोरीला मोगलांशी गाठ पडली ती त्याच प्रवासात. साल्हेर तर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसला आहे. तेव्हा वैभव आमच्या दारावरून गेले खरे. पण ते दारावरून गेले, दारात थांबले नाही, आणि आमच्या वाट्याला त्याच्या बैलांनी उडवलेला धुरळा आला. वैभवाकडे आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहायचे ही सवय तेव्हापासूनची असावी, असा माझा एक तर्क आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांना तो पटलेला नाही.

तर यंदा राखीपौर्णिमेला आमच्या घरातून असा बेत निघाला की, काम नसताना मुंबईला जायचे. बेत सौ.चा. तिचा भाऊ डोंबिवलीला असतो, आणि दरवर्षी ती राखी बांधायला जातेच. यंदा निघायच्या आठ दिवस आधी ती म्हणाली, "अहो, वीस वर्षे मी मुंबईला जाते म्हणता, पण माझी मुंबई डोंबिवलीच्या ओट्यापाशी संपते. पोळ्या इथेही लाटते, तिथेही लाटते. यंदा मला ताजमध्ये बसून चहा प्यायचा आहे."

मी म्हटले, "ताज म्हणजे..."

"ताज म्हणजे ताज. समुद्रासमोरचा. आणि आत्याबाईंनाही न्यायचे."

दुसरा पक्ष माझ्या मुलीचा. ती बारावीला आहे. शाळेत असताना तिने इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत 'अ' श्रेणी आणली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. आता तिला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या प्रवेशपरीक्षेला बसायचे आहे, तर पेढे खाल्लेलेच नातेवाईक विचारू लागले आहेत, 'चित्रं काढून पोट भरतं का?' मराठीत एम. ए. केलेल्या माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मलाही पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला गेला होता, फक्त 'चित्रं' या जागी 'कविता' हा शब्द होता. पोट भरते आहे; पण ते नोकरीवर भरते आहे, कवितेवर नाही, हेही तितकेच खरे. परीक्षेपूर्वी एकदा ते शहर, ती शाळा आणि ती चित्रे डोळ्यांनी पाहून यावे, म्हणजे तिलाही कळेल आणि आम्हालाही, एवढा माझा हेतू होता.

खर्चाची बाजू माझ्या आईने मिटवली. आमच्या घरी तिला सारे माय म्हणतात. दीड एकर जमीन ती अजून स्वतः पाहते, आणि चाळीतला उन्हाळ कांदा त्याच आठवड्यात विकला गेला होता. पट्टीचे पैसे तिने पदराच्या गाठीतून काढले, मोजले, पुन्हा बांधले आणि एवढेच म्हणाली, "कितला लागतीन तितला लागतीन." किती लागायचे तितके लागोत. मी पुढे बोललो नाही.

नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस गाठली. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, कसाऱ्याचा घाट धुक्यात बुडालेला होता, आणि डोंबिवलीला राखीचा सोहळा यथासांग झाला. त्या सगळ्यांत नवीन काही नाही. मेहुण्याला आमचा बेत कळला तेव्हा तो पोट धरून हसला. "भावजी, ताजमध्ये चहा? पंचवीस वर्षे मी रोज व्ही. टी.ला उतरतो, अजून आत पाऊल टाकलेले नाही!" हे त्याने अशा अभिमानाने सांगितले की जणू एखादे व्रत पाळले असावे. त्यालाही चला म्हटले. पण त्याला रजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काळ्या घोड्यापाशी उतरलो. या चौकात खरा काळा घोडा होता तो सातव्या एडवर्डचा. १९६५ साली घोडा आणि स्वार दोघेही भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवले गेले. नाव मात्र इथेच राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा केला, पण स्वाराविना. राजा गेला आणि घोडा परत आला, हे मला फार आवडले.

शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जॉर्ज विटेट या वास्तुतज्ज्ञाने ते बांधले. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. इमारत पुरी झाली ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, म्हणून आधी तिथे लष्करी रुग्णालय थाटले गेले आणि संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली १९२२ साली. आत शिरताच वर नजर गेली की भव्य घुमट, आणि त्याखाली लाकडी खांबांची, कमानींची सुरेख मांडणी दिसते. पाहताना वाटते, हे कुठेतरी पाहिले आहे. पाहिलेले असणारच! ती मांडणी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणलेली आहे. विटेटसाहेबाने ती अशा खुबीने बसवली की, विलायती घडणीच्या त्या दालनात उभे राहून माणसाला आपल्या वाड्याच्या चौकात आल्यासारखे वाटावे. माझ्या मुलीने वही उघडली आणि ती जमिनीवर बैठक मारून खांब काढू लागली. माय एका कमानीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, सागाचे लाकूड आहे, वाळवी लागू दिलेली नाही. सांभाळणारा माणूस चांगला आहे. संग्रहालयशास्त्रावर याहून नेमका अभिप्राय मी वाचलेला नाही.

तिथून जहांगीर कलादालन चार पावलांवर. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ते उभे राहिले, आपल्या जहांगीर नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ. जायला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट सौ.ला शेवटपर्यंत खरी वाटली नाही. ती दारापाशी तिकिटाची खिडकी शोधत होती. एका टोकाला पूर्वी समोवार नावाचे लांबट उपाहारगृह होते, १९६४ पासून. मुंबईतल्या चित्रकारांच्या, नाटकवाल्यांच्या आणि उगाच बसणाऱ्यांच्या अर्ध्या पिढीने तिथे चहा प्यायला. २०१५ मध्ये ते बंद झाले.

या दालनाची रीत समजून घेण्यासारखी आहे. चित्रकार एका आठवड्यासाठी जागा भाड्याने घेतो. त्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. आपला क्रमांक आला की चित्रे बांधून, टेम्पोत घालून आणायची, भिंतीवर लावायची आणि आठवडाभर त्यांच्याजवळ बसून राहायचे. चित्र विकले गेले की त्याच्या कडेला लाल टिकली लावतात. आम्ही एका दालनात शिरलो तेव्हा चाळिशीतले एक गृहस्थ कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. सांगली जिल्ह्यातले, शाळेत चित्रकलाशिक्षक. भिंतीवर बावीस चित्रे : ऊस, उन्हातली माळराने, एक उलटी पडलेली बैलगाडी. लाल टिकल्या दोन. आठवड्याचा चौथा दिवस.

मुलगी त्यांच्याशी बोलू लागली; कागद कोणता, पिवळा रंग कसा मिसळला, असे तिचे प्रश्न. गृहस्थही खुलले. मी किमतींची यादी पाहत होतो. मायने मात्र सारी भिंत पाहून घेतली, टिकल्यांचा अर्थ मला विचारला आणि सरळ त्यांना म्हणाली, "भाऊ, बाकीचा माल परत न्यायला भाडं लागेल ना?"

मला ओशाळल्यासारखे झाले. पण ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि मनापासून हसले. "लागेल, आजी. तोच हिशेब करत बसलो होतो सकाळपासून."

मग दोघांचा असा काही संवाद जुळला की मी बाजूला झालो. ट्रॅक्टर बाजार समितीत नेऊन लावायचा, लिलाव पुकारणाऱ्याने मूठभर कांदा उचलून पाहायचा, दोन मिनिटांत आकडा बोलायचा, आणि आपल्या चार महिन्यांची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, हे मायला तोंडपाठ आहे. पटला नाही भाव, तर माल परत न्यायचा, भाडे अंगावर. तिला ती चित्रे कळली की नाही, मी सांगू शकत नाही. तो खुर्चीवर बसलेला माणूस मात्र तिला माझ्याआधी कळला.

जहांगीरहून ताजकडे चालत जाताना मी मुलीला गायतोंड्यांची हकीकत सांगितली. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका घेतली. पुढे दिल्लीत एका लहानशा खोलीत राहिले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढीत, बोलत त्याहून कमी. २००१ साली वारले. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या एका चित्राचा लिलाव झाला आणि ते २९ कोटी ३० लाख रुपयांना विकले गेले. तो लिलाव झाला ताजमहाल हॉटेलातच, आम्ही निघालो होतो तिथेच.

"त्यांना त्यातले काय मिळाले?" मुलीने विचारले.

"काही नाही. ते जाऊन चौदा वर्षे झाली होती."

"मग पोट भरतं का, या प्रश्नाचं उत्तर काय धरायचं?" सौ. म्हणाली. प्रश्न मला होता, पण उत्तराची तिने वाट पाहिली नाही. समोर समुद्र आला होता.

ताजबद्दल थोडे सांगितले पाहिजे. १६ डिसेंबर १९०३ रोजी हे हॉटेल उघडले. जमशेटजी टाटांनी ते स्वतःच्या हौसेने आणि स्वतःच्या पैशाने बांधले. पुढे पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, ते वारले. गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना प्रवेश नाकारला म्हणून सूड म्हणून ताज बांधले, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. तिला पुरावा नाही. गेटवे तेव्हा नव्हताच. तो पुरा झाला १९२४ साली, म्हणजे ताज हे त्याच्याहून वीस वर्षांनी वडील. पण मला वाचकांना आवर्जून सांगायचे आहे ते निराळेच. या राजवाड्याचा मूळ आराखडा करणाऱ्यांत पहिले नाव आहे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचे, दुसरे डी. एन. मिर्झा यांचे. काम पुरे केले चेंबर्स या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने. रावसाहेब वैद्य! मी हे नाव वर्गात सांगितले तेव्हा मुलांना खरे वाटले नाही. ताजच्या समोर फूटपाथवर उभे राहून फोटो काढून घेणाऱ्या आपल्या हजारो माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल की या घुमटाची पहिली रेघ कागदावर ओढणाऱ्यांत एक वैद्य होता?

आम्हीही त्या फूटपाथवर थांबलोच. मायने पदर डोक्यावर नीट घेतला, वर पाहिले आणि विचारले, "भाऊ, हाई कोनं घर शे?" हे कोणाचे घर?

"घर नाही माय, हॉटेल आहे."

"मग पैसा देवावर कोनीबी जाऊ शकस ना?"

पैसे दिल्यावर कोणीही जाऊ शकते ना, हा तिचा साधा प्रश्न. मेहुण्याच्या पंचवीस वर्षांवर तो मला पुरेसा वाटला.

दारात सामानाची तपासणी होते. २००८ च्या नोव्हेंबरातल्या त्या हल्ल्यानंतर ती आलीच. तिथे प्राण गमावलेल्यांच्या नावांचे स्मारक आत आहे. जुना भाग पुन्हा उघडला तो १५ ऑगस्ट २०१० ला. मायची कापडी पिशवी यंत्रातून गेली तेव्हा पडद्यावर काय दिसले असेल, कोण जाणे. आत उरलेल्या दोन दशम्या, चटणीची डबी, चष्म्याचे घर आणि पानाची चंची होती. पहाऱ्यावरचा तरुण म्हणाला, "आजी, सावकाश. पायरी आहे." एवढेच. ज्या दरवाज्याची धास्ती बाळगून मी रात्री नीट झोपलो नव्हतो, तो असा पार पडला.

आतला थंडावा, फुलांच्या भल्यामोठ्या रचना, पाय बुडणारे गालिचे, भिंतींवरची मोठमोठ्या चित्रकारांची चित्रे. या हॉटेलाचा स्वतःचा चित्रसंग्रह नावाजलेला आहे. जुन्या भागातला तो प्रसिद्ध जिना खाली आधाराचे खांब नसल्यासारखा तरंगत वर जातो. सोराबजी कंत्राटदारांची ती करामत मानतात. माय कठड्याला हात लावीत, एकेक पायरी मोजीत वर आली. पहिल्या मजल्यावर समुद्राकडे तोंड करून सी लाउंज आहे. आम्हाला खिडकीजवळचे टेबल मिळाले. कोपऱ्यात कोणीतरी पियानो वाजवीत होता. खाली गेटवे, पलीकडे पावसाने करडा झालेला समुद्र, नांगरलेल्या होड्या.

या जागेची ख्याती दोन कारणांनी. एक दुपारचा चहा, आणि दुसरे म्हणजे मुली पाहण्याचे कार्यक्रम. मुंबईच्या धनिक घराण्यांतली कित्येक लग्ने म्हणे इथल्या खुर्च्यांवर जमली. सौ.ने आजूबाजूला पाहून दोन टेबलांवर तसा संशयही व्यक्त केला. तिने या दिवसासाठी आपली पैठणी आणली होती. ती खुर्चीत बसली ती अशी, की दर शुक्रवारी येत असावी. चहाची किटली आली, चार कप आले, तीन मजली तबकात इवलेइवले सँडविच आणि केक आले. यादीत शेवपुरी आणि भेळही होती. समुद्रकाठच्या वाळूतली भेळ चांदीच्या चमच्याशेजारी येऊन बसलेली पाहून मला हसू आले, पण मागवली.

मायने भेळेचा एक घास घेतला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला : "कांदा चाळम्हाना शे. पन चांगला सुकाडेल शे."

चाळीतला आहे, पण चांगला सुकवलेला. वेटर अदबीने वाकून उभा होता. त्याला वाटले, काही तक्रार आहे. मुलीने त्याला सांगितले की आजी कांद्याची तारीफ करते आहे. तो म्हणाला, "नाशिकचा आहे, आजी." खरे-खोटे देव जाणे, पण त्या एका वाक्याने माय त्या खुर्चीत जरा मागे टेकून बसली. तोवर ती टोकावर होती.

खाली गेटवेसमोर पावसातही गर्दी होती. छत्र्या सावरीत माणसे आमच्या दिशेला मोबाइल धरीत होती. "त्या आपला फोटो काढी ऱ्हायनात," माय म्हणाली. ते आपला फोटो काढताहेत. आणि तिने पदर पुन्हा सारखा केला.

आम्ही तिथे दोन तास बसलो. माझे आयुष्य पाहता दोन तास काही न करता, कोणाची वाट न पाहता, घड्याळ न पाहता बसण्याचा असा प्रसंग मला आठवत नाही. चहा उत्तम होता. पण चहा नामपूरलाही उत्तम मिळतो. तिथे विकत मिळाली ती खिडकी आणि सवड. श्रीमंत लोक पैसे कशाचे देतात, हे मला बसल्याजागी कळले. बिल आले तेव्हा मी ते पालथे धरले, पण मायने मागून घेतले. आकडा तिला वाचता येतो. त्या आठवड्याच्या भावाने सुमारे पाच क्विंटल कांदा. तिने गाठ सोडली, नोटा मोजून तबकात ठेवल्या आणि त्यावर तबकातली बडीशेप तळहातावर घेतली. "महाग शे," ती म्हणाली, "पन फसाडं नही." महाग आहे, पण फसवले नाही. बाजार समितीच्या अनुभवातून आलेल्या माणसाच्या तोंडी हे प्रशस्तिपत्र लहान नव्हे.

तिसरा दिवस खरेदीचा. सौ.ला मंगळदास मार्केटात कापड पाहायचे होते. तिथल्या बोळांत ती आणि मुलगी जी शिरली ती दीड तासाने दोन पिशव्या घेऊन बाहेर आली. त्याबद्दल मी लिहीत नाही. नवऱ्यांना तो प्रांत दाराबाहेरूनच ठाऊक असतो. मी आणि माय तोवर क्रॉफर्ड मार्केटात फिरलो. आता त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ साली पुरी झालेली ही इमारत विल्यम इमर्सनने आखली, आणि क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले पालिका आयुक्त. फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये नव्या मुंबईला गेला, तरी किरकोळीचा डौल अजून आहे. डाळिंबे एकेक पुसून, रचून, वर दिव्याचा प्रकाश पाडून मांडली होती, जशी काल जहांगीरला चित्रे मांडली होती तशीच. मायने एकाचा भाव विचारला, ऐकला, आणि फळ परत जागेवर ठेवताना देठाकडची बाजू वर येईल असे ठेवले. तेल्या रोगाने आमची बाग गेली त्याला काही वर्षे झाली. ती त्याबद्दल बोलली नाही.

बाहेर आल्यावर मुलीने आम्हाला थांबवले. "आजी, वर बघ." प्रवेशद्वाराच्या माथ्यावर दगडात कोरलेली शिल्पे आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणी मान वर करीत नाही. वरती तारा, खाली हातगाड्या. ती शिल्पे शेतकऱ्यांची आहेत. लॉकवुड किपलिंगने त्यांची आखणी केली. हा किपलिंग १८६५ साली मुंबईला आला तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला. त्याचा मुलगा रुडयार्ड, पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक, त्याच आवारात जन्मला. आणि ते आवार रस्त्याच्या पलीकडेच आहे. मंडई इकडे, चित्रशाळा तिकडे, मध्ये एक रस्ता. एवढ्या मोठ्या बाजाराच्या दारावर काय कोरावे असा प्रश्न पडला तेव्हा त्या मास्तराने राजे-राण्या कोरल्या नाहीत.

मायने कपाळावर हात धरून बराच वेळ वर पाहिले. "हाऊ ते आपलाच मानूस शे," ती म्हणाली. हा तर आपलाच माणूस. "कोनी बनाडा?"

"समोरच्या शाळेतल्या मास्तरांनी," मुलगी म्हणाली.

"तुले जावानं शे ती शाळा?"

"हो."

रस्ता ओलांडून आम्ही जे. जे.च्या फाटकाशी गेलो. १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा. कोल्हापूरहून आलेले धुरंधर इथलेच, गायतोंडे इथलेच. २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. झाडी दाट, पाऊस नुकता थांबलेला. आत एक मुलगी पायरीवर बसून गुडघ्यावरच्या फळीवर काही काढीत होती. रखवालदाराने आम्हाला थोडे आत जाऊ दिले. सौ.ने वसतिगृहाची चौकशी केली, फी विचारली, मुली रात्री किती वाजेपर्यंत बाहेर असतात तेही विचारले. मी रखवालदाराशी गावाकडच्या पावसाबद्दल बोललो. प्रत्येकाने आपापले काम केले.

गाडीला वेळ होता म्हणून जवळच्या एका रंगसाहित्याच्या दुकानात गेलो. मुलीने कागद घेतले, दोन पेन्सिली घेतल्या आणि एक कुंचला हातात घेऊन, किंमत पाहून परत ठेवला. मायने तो उचलला. हाताच्या पंज्यावर फिरवून पाहिला, टोक ओठाला लावून पाहिले, दुकानदाराला विचारले केस कुठल्या जनावराचे आणि किती वर्षे टिकतो. त्याने सांगितले. तिने गाठ सोडली.

परत आल्यापासून घरी मुंबईवरून दोन पक्ष आहेत. नातेवाइकांना ताजच्या बिलाची हकीकत कळली आहे आणि तिच्यात दर आठवड्याला एकेका क्विंटलाची भर पडते आहे. परवा ऐकले तेव्हा आम्ही अकरा क्विंटल कांदा खाल्ला होता. प्रवेशपरीक्षा पुढच्या वर्षी आहे. वसतिगृहाचा, मेसचा आणि रंगांचा अंदाजे आकडा सौ.ने पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. त्याखाली माझ्या पगाराचा. दोन्हींत अंतर आहे. चाळीत अजून निम्मा कांदा शिल्लक आहे, आणि दिवाळीपर्यंत तो हलवायचा नाही असे मायने सांगून ठेवले आहे.